क्लबाच्या भिंतीकडची वजडी

गंगाखेडात लक्ष्मीबाईंच्या तोंडी लागू नये, हे बसस्थानकापासून बाजारपेठेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा रस्सा मागतं तेही शब्द जपून. बाई आपणहून कुणाच्या वाटेला जात नाहीत; पण कुणी त्यांच्या वाटेला गेलं, की त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस होते. अलीकडे या विचारपुशीचा मान गोदातीर क्लबाचे अध्यक्ष आबासाहेब यांच्याकडे आहे.

भांडण वजडीचं. नवरा सूर्यभान गेला तेव्हापासून बाई क्लबाच्या भिंतीला गाडा लावून वजडी-भाकर विकत. मेंढीचं पोट चुन्याच्या पाण्यात घासघासून पांढरंशुभ्र करायचं, बारीक चिरून तिखटात शिजवायचं. हमाल, रिक्षावाले, उसाच्या ट्रकचे ड्रायव्हर संध्याकाळी पाचपासून भिंतीला टेकून जेवत. भिंतीच्या आत सभासद पत्ते खेळत. वीस वर्षं कुणाला कुणाचा त्रास झाला नाही.

आणि याच क्लबात दर जानेवारीला स्कॉटलंडच्या राष्ट्रकवीच्या नावानं जेवण होतं. हे खूळ क्लबाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, डॉक्टरांनी आणलं. ते तरुणपणी तिकडे शिकले आणि तो कवी डोक्यात घेऊनच गंगाखेडला परतले. तिकडे त्या दिवशी मेंढीच्या पोटात काळीज-फुफ्फुसं आणि भरड धान्य भरतात, शिवतात, अख्खं शिजवतात, वाजतगाजत ताटातून आणतात आणि त्याच्यापुढे कविता म्हणून मगच सुरी चालवतात. एका थंडीत डॉक्टर गाड्यापाशी आले आणि म्हणाले, "लक्ष्मीबाई, असं एक पोट शिवून द्याल का?" बाईंना वाटलं, माणूस कामातून गेला. पण त्यांनी दाभण घेतलं, तिकडच्या धान्याऐवजी ज्वारीचा भरडा घातला, आणि डॉक्टरांनी पहिला घास खाऊन डोळे पुसले.

डॉक्टरांच्या काळात बन्सीधर सनई वाजवत पुढे चालायचा, ताट घेऊन लक्ष्मीबाई मागे. डॉक्टरांनी त्या ताटाची मराठीत एक स्तुती लिहिली होती, ती ते उभं राहून म्हणत. मग या दोघांना खुर्च्या द्यायचे आणि सगळ्यांआधी त्यांना वाढायचे. म्हणायचे, रांधणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला आधी, ही तिकडची रीतच आहे.

डॉक्टर गेले, आबासाहेब अध्यक्ष झाले, आणि ती रीत खुंटीला टांगली गेली. आधी बाईंची खुर्ची गेली. मग पुढचं दार बंद झालं. ताट न्यायला हॉटेलातला वेटर उंच पांढरी टोपी घालून उभा राहू लागला आणि बाईंना मागच्या ओट्यावर पत्रावळीत चार घास मिळू लागले. बाईंनी ते सोसलं. सोसणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हे, पण गाडा ज्या भिंतीला लागत होता ती क्लबाची होती.

मग एका उन्हाळ्यात क्लबानं नगरपालिकेत अर्ज टाकला. 'सदर गाड्याच्या दुर्गंधीमुळे सभासदांना बसणे अशक्य झाले आहे.' खाली अकरा सह्या, पहिली आबासाहेबांची. अक्षर सचिव शिवप्रकाश यांचं. दुसऱ्या दिवशी गाडा उचलला. बाई रेल्वे फाटकाकडे गेल्या. तिथं सावली नाही, पाणी नाही, आणि हमाल तेवढं लांब चालत येत नाहीत. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं.

जानेवारीत शिवप्रकाश त्या फाटकापाशी आला. माणूस शुद्ध शाकाहारी. वाऱ्याची दिशा बघून चार हात लांब उभा राहिला.

"मावशी, पंचवीस तारखेचं ध्यानात हाय ना?"

"कोन्त्या तोंडानं आलास रे? अर्ज लिवताना हात झडला न्हाई तुजा?"

"मी काय करू? आबासाहेबांनी सांगितलं तसं लिवलं."

"मग त्यांनाच म्हनाव, तो अर्ज मागं घेतल्याचं पत्र द्या. सही करून. माजी जागा मला द्या, मग पोट शिवते."

आबासाहेबांनी फोनवर शब्द दिला, की ताट आत येऊ द्या, तिथल्या तिथं सही करतो. बाईंचा त्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. पण जागा हवी होती. भिंतीकडची ती सहा हात जागा म्हणजे त्यांचं पोट होतं. त्यांनी क्लबाकडून आगाऊ काही घेतलं नाही, सगळं सामान आपलं आणलं, चार तास मंद आचेवर पोट उकळलं आणि शिवप्रकाशकडून लिहवून घेतलेलं बिनसहीचं पत्र पदराला बांधून क्लबात आल्या.

दारात वेटर टोपी सावरत उभा होता. "टोपी घाल तू," बाई म्हणाल्या, "ताट माजं हाय." बन्सीधरनं सनईला तोंड लावलं आणि बाई पुढच्या दारानं आत शिरल्या. नांदेडहून आलेले पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आबासाहेबांना हसावं लागलं.

आबासाहेबांनी कागद उलगडून डॉक्टरांची स्तुती वाचायला घेतली. आवाज चांगलाच लागला होता. "कष्टकऱ्याच्या चुलीवरचा हा वास," ते हात उंचावून म्हणाले, "राजवाड्यातल्या धुपाहून थोर आहे!" पुन्हा टाळ्या. आबासाहेबांनी सुरी उचलली. लक्ष्मीबाईंनी ताटावर आडवा हात धरला.

"आधी सही."

पाहुणे खळखळून हसले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. एकानं तर मोबाइल वर धरला.

"बाई, ते नंतर," आबासाहेब दात दाबून म्हणाले.

"नंतर कायला? अर्जात तुमी लिवलं, दुर्गंधी येती. आत्ता म्हनलं, वास थोर हाय. ह्या पाहुण्यांपुढं सांगा, कोन्तं खरं?"

हसणं थांबलं. आबासाहेबांचा चेहरा लालभडक झाला. बाकीचे दहाही सह्यावाले समोर बसले होते, आणि एकजात सगळे टेबलावरच्या चादरीकडे बघत होते.

"येते दुर्गंधी!" आबासाहेब ओरडले. "रस्त्यावर येतेच. वर्षातून एकदा तुम्हांला आत घेतो, हे उपकार समजा आणि व्हा बाजूला!"

अपमान बाईंना नवा नव्हता. पण डॉक्टरांच्या तसबिरीखाली, त्यांचेच शब्द वाचून झाल्यावर हा माणूस असं बोलला, याचा त्यांना संताप आला. त्यांनी ताट उचललं.

"मग दुर्गंधीचं अन्न बड्या मानसांत ठिऊ न्हाई. बन्सीधर, चल."

बन्सीधरनं सनई काखेत मारली आणि निघाला. दोघांनी ते पोट फाटकापाशी कापलं. थंडीचे गोळा झालेले वीस-पंचवीस रिक्षावाले पोटभर जेवले. क्लबात त्या दिवशी कुस्करलेल्या बटाट्यावर राष्ट्रकवीची आठवण साजरी झाली.

पाहुण्यांच्या मोबाइलनं ही फजिती परभणीपर्यंत पोचवली. पुढच्या जानेवारीत परभणीचे मोठे साहेब जेवणाला यायचे ठरले, आणि त्यांनी आवर्जून विचारलं, त्या बाई असणार ना? आठ दिवसांत शिवप्रकाश पत्र घेऊन फाटकाकडे आला. अर्ज मागे घेतला आहे, गाड्याला क्लबाची हरकत नाही, खाली अकराच्या अकरा सह्या. नगरपालिकेचा शिक्कासुद्धा.

"मग पंचवीसला पोट शिवताय ना मावशी?"

बाईंनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि घडी घातली. "पत्र मिळालं," एवढंच म्हणाल्या. शिवप्रकाशनं त्याचा अर्थ हो असा घेतला.

पंचवीस तारखेला पाचच्या ठोक्याला गाडा भिंतीला लागला. हमाल जणू कुठे गेलेच नव्हते असे येऊन टेकले. सात वाजता क्लबाच्या दारात गाड्या लागल्या. साडेसातला शिवप्रकाश ताट न्यायला आला आणि पोट शिवलेलंच नाही हे कळल्यावर पळत आत गेला. मग स्वतः आबासाहेब बाहेर आले. कोट-टाय घातलेले, हातात क्लबाचं चांदीचं ताट.

"लक्ष्मीबाई, झालं गेलं सोडा," ते हळूच म्हणाले. "पाहुणे खोळंबलेत. पोट नसलं तर नसू द्या, यातलीच वाढा."

पातेलं काठोकाठ भरलेलं होतं. वाफ थेट आबासाहेबांच्या चष्म्यावर बसत होती. बाईंनी पळी त्यात बुडवली, त्यांच्या तोंडाकडे निवांत बघितलं.

"संपली," त्या म्हणाल्या, आणि आबासाहेबांच्या मागे उभ्या असलेल्या हमालाची ताटली हातात घेतली. "तुला रस्सा जास्त लागंल का रे?"