कराव्याच्या नव्या गल्लीत, म्हावऱ्याच्या मागावर

करावे गाव आमच्या नेरूळच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आणि इतकी वर्षं इथे राहून मी तिथे एकदाही गेले नव्हते. गेले ते फुफीमुळे. फुफी म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, मुरूडकडून आमच्याकडे राहायला आलेली. तिला मॉल दाखवून झाला, पाम बीच रोडवरून गाडीतून चक्कर मारून झाली. दोन्हीकडे तिने म्हावरा, म्हणजे मासळी, कुठे मिळतो, एवढंच विचारलं.

मग माझ्या नवऱ्याने, इम्तियाजने, मोबाईलवर कराव्याचा हेरिटेज वॉक शोधला. गावठाणातली जुनी बाजारगल्ली नव्याने सजवली होती आणि रविवारी सकाळी गावातलीच मंडळी ती फिरवून दाखवत होती. कोळ्यांचं गाव आहे म्हटल्यावर फुफी कापडी पिशवी घेऊन दारात उभी.

जायचं असेल तर गाडी नेऊ नका. गावठाणात शिरलेली गाडी बाहेर कशी काढायची, यावर तिथे प्रत्येकाचं वेगळं मत असतं. सीवूड्स स्टेशनवरून रिक्षा करा आणि गावाच्या तोंडाशी उतरा.

गल्ली खरंच देखणी झालीय. खाली दगडी फरशी, जुन्या घाटाचे दिवे, भिंतींवर रंगवलेल्या होड्या. एका कौलारू घराच्या ओट्यावर कोकम सरबत मिळतं. वर पुदिन्याचं पान असल्यामुळे ते महाग आहे, पण ओट्यावर हवं तितका वेळ बसू देतात.

आमचा गाईड नीलेश गावातलाच, पस्तिशीचा. एरवी बंदरातल्या एका कंपनीत नोकरी करतो. गल्ली सजवायला गावाने जी समिती नेमली होती, तिच्यातही तो होता. इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र आणि दर वाक्यात ‘एक्सपिरियन्स’. कोपऱ्यावर त्याने आम्हाला फायबरचा भलामोठा बोईट मासा दाखवला. त्याच्या उघड्या तोंडात उभं राहून फोटो काढायचा. इम्तियाज लगेच आत शिरला. फुफीने जवळ जाऊन माशाचा कल्ला उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला जाईना, तेव्हा मासा शिळा आहे असं तिने जाहीर केलं.

खरा बाजार कुठंय, असं तिने नीलेशला विचारलं. बाजार हलवलाय आणि तो आपल्या रूटमध्ये नाही, असं म्हणून त्याने विषय बदलला. फुफीने हवा हुंगली आणि तलावाच्या बाजूला चालू लागली. ती वॉकचाच भाग असेल असं समजून सगळा ग्रुप तिच्या मागे. नीलेश शेवटी.

तलावामागे नवी शेड होती. पाट्या भरून कोलंबी, निवट्या, चिंबोऱ्या घेऊन कोळणी बसल्या होत्या आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. पहिल्याच पाटीमागच्या बाईंनी नीलेशला पाहून तोंड फिरवलं. त्यांचं नाव हिराबाई.

“माजी सासू त्या कोपऱ्याव बसायची, मंग मी बसले,” त्या फुफीला म्हणाल्या. “आता तितं फायबरचा मासा बसवलाय. त्याला वास येत नाय ना. बसवनारा ह्यो, माजाच पोरगा.”

कोणीतरी फोन वर केला होता, तो हळूच खाली घेतला.

नीलेश खालच्या आवाजात सांगू लागला. कोपऱ्यावर बायका उन्हात, गटाराशेजारी बसायच्या. इथे पाणी आहे, छप्पर आहे, त्यासाठी तो समितीत सगळ्यांशी भांडला होता. पण इकडची वाट दाखवणारा फलकच कुणी लावला नाही. गिऱ्हाईक आलं नाही, आणि गल्लीच्या उद्घाटनापासून आई त्याच्याशी बोललेली नाही. त्याचं ताटसुद्धा ती सुनेच्या हातून पाठवायची.

हिराबाईंनी आता त्याच्याकडे पाहिलं. “मंग ह्या लोकांना हिकडं का नाय आनत?”

“तू सगळ्यांसमोर बोलशील म्हणून.”

“बोलले ना आता. मेला का कोन?”

हिराबाईंनी सुतळीचा गुंडा त्याच्याकडे सरकवला आणि चिंबोऱ्या बांधायला सांगितलं. तो कुर्त्यातच उकिडवा बसला. एका चिंबोरीने नांगीत त्याच्या ओळखपत्राची नाडी धरली, ती सोडवायला हिराबाईंनाच उठावं लागलं. तेवढ्यात त्या हसल्या, आणि मग सगळी शेड हसली.

फुफी आणि हिराबाईंनी भाव करायला जो वेळ घेतला, त्यात बाकीच्या ग्रुपची खरेदी उरकली. एकीची बोली मुरूडकडची, दुसरीची कराव्याची. दोघी भांडत होत्या की मैत्री करत होत्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. परतताना पिशवीत मागितल्यापेक्षा जास्त कोलंबी होती आणि रिक्षावाला नाकाला रुमाल लावून होता.

फुफी गावी गेली, पण आता मी दर रविवारी कराव्याला जाते. वॉक हल्ली शेडपाशी संपतो आणि तिथे गर्दी असते. गल्ली सजवल्याने गावाचं किती भलं झालं ते मला मोजता येणार नाही, पण मला मात्र एक शेजारचं गाव मिळालं. हिराबाईंना मी विचारलं, कोपऱ्यावर परत जायचंय का. इथं सावली बरी हाय, पाठ दुखत नाय, असं त्या म्हणाल्या, आणि हे पोराला सांगू नको असंही बजावलं.

नीलेश हे वाचत असेल तर त्याने आईला काही विचारू नये. मी फक्त लिहिलंय, सांगितलेलं नाही.