मंद जाळावरचे अण्णा

आमचे शिफ्टचे साहेब, अण्णा, वीजकेंद्रातल्या जुन्या युनिटला 'म्हातारी' म्हणायचे आणि खुशाल तिच्याशी बोलायचे. भट्टीच्या झरोक्याला निळी काच लावून जाळ बघत आणि म्हणत, "आज म्हातारीला धाप लागलीय रे, कोळसा ओला दिसतोय." आम्ही मीटरकडे डोळे लावून बसलेले, आम्हाला ते बरंच उशिरा कळायचं.

त्यांची खरी कला मंद जाळाची. लोड, म्हणजे युनिटमधून काढायची वीज, फार खाली आणला की इतरांच्या हातात भट्टी विझायला बघायची, मग महागडं तेल ओतून जाळ धरावा लागे. अण्णा तेलाचा थेंबही न घालता तिला निम्म्या लोडवर आणून ठेवत. "मोठा जाळ काय, कुणीही करतं," असं म्हणताना मान जरा ताठ व्हायची. तेवढा तोरा आम्ही चालवून घ्यायचो.

नव्वदच्या दशकात वरून एकच हुकूम असे, होईल तेवढी वीज काढा. पुढे वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, विजेचा बाजार आला. ज्याची वीज स्वस्त त्याचा नंबर आधी, आणि कुणी किती काढायची तेही आदल्या दिवशीच ठरून येऊ लागलं. आमची म्हातारी महागातली. वेळापत्रक आखणाऱ्यांचा फोन आला, "तुमचं युनिट कमीत कमी किती लोडवर चालेल?" अण्णांनी फुशारकीनं सांगून टाकलं, "निम्म्या."

तो आकडा तिकडच्या कॉम्प्युटरात जाऊन बसला. इगतपुरीकडे पाऊस लागला, शेतीपंप थांबले, की आमचा लोड निम्म्यावर. संध्याकाळी पुन्हा वर. हे रोजचंच झालं, अण्णा शिफ्टला असोत वा नसोत. गरम-गार होऊन बॉयलरच्या नळ्या फुटायला लागल्या. दुरुस्तीला आत उतरून उतरून माणसं पार पिचली. कळवणचा फिटर एकदा घामानं निथळत बाहेर आला आणि म्हणाला, "अण्णा, लय झालं आता. तुम्हाला जमतं म्हणून समद्यांना जमंल का?"

आकडा वाढवला, तर मागणी कमी असताना युनिट सरळ बंदच ठेवणार. आणि एकदा बंद राहिलेल्या जुन्या युनिटला पुन्हा कोण विचारतो, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी आमच्यादेखत त्यांनी फोन उचलला. "आधीचा आकडा माझ्या हाताचा होता, साहेब. युनिटचा नव्हता. वाढवून घ्या."

पुढच्याच रविवारच्या वेळापत्रकात आमच्यापुढे शून्य आलं. अण्णांनी स्वतः जाळ उतरवला. ते निवृत्त होईपर्यंत म्हातारी पुन्हा पेटली नाही.

जाळ उतरवला त्या दुपारी कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले आणि बसल्याबसल्या झोपी गेले. इतक्या वर्षांत या माणसाला मी कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. द्वारका आली. त्यांचा थांबा. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच नको म्हटलं, आणि त्यानं गाडी पुढे काढली.