काना गावचा पाव्हना

ठकू एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. शेणव्याच्या वरच्या पाड्यात माझी अंगणवाडी आहे. तिथे येईल, उंबऱ्यावर टेकेल, टेकते न टेकते तोच उठेल. "पायाला मुंग्या चावतात काय गं?" असं खेकसलं की "बसलेच की बाई" म्हणून चालू पडेल. पण अक्षदाच्या लग्नाआधी तिनं माझं जे डोकं खाल्लं, त्याला तोड नाही.

ठकू धवलेरी होती. या पाड्यांत लग्न लावायला भटजी नसतो, धवलेरी असते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात गात एकेका देवाला मांडवात बोलावते. धरतरी, सूर्य, चांद, डोंगरचा देव, वाघदेव. प्रत्येकाच्या आधी गावाचं नाव घ्यायचं, मग आईचं, आणि मुलीच्या बापानं त्याच्यापुरती तांदळाची पुंजी टाकायची. पुंजी पडली की पाहुणा बसला. सगळे बसल्याशिवाय लग्न लागत नाही.

मध्ये तिचा आवाज गेला. नुसती हवा निघायची. शहापूरच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या, भगताचा अंगारा चालू होता, त्यात कुणीतरी तिला रविवारच्या प्रार्थनेला नेलं. टोकावड्याचा प्रणित ती चालवतो. काही आठवड्यांत आवाज परत आला. गोळ्यांचा गुण असेल, असं मी म्हणून पाहिलं. "तुमी व्हता का तिथं?" ठकू फणकारली. "गल्यावर हात येशूनं ठेवला, तो मला कलला." तेव्हापासून ती येशूची झाली. प्रार्थनेला जाणाऱ्यानं दुसऱ्या देवाचं नाव घ्यायचं नाही असा नियम, म्हणून धवले सुटले. लोकांनी दुसरी धवलेरी शोधली. कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते अक्षदापाशी. अक्षदा म्हणजे ठकूच्या भावाची, यमाजीची लेक. आई बाळंतपणातच गेली. नवऱ्यानं टाकलेल्या ठकूनं त्या पोरीला छातीशी धरून वाढवलं. पोरगी हटून बसली, धवले गाईल तर आत्याच. यमाजी तर सरळ म्हणाला, "तू नाय गायलीस, तर माज्या दारात पाय ठेवू नको." म्हणजे गायली तर प्रार्थनेतून बाहेर, न गायली तर माहेरातून बाहेर.

"आवाज त्याचा हाये, बाई," ती मला म्हणायची. "त्याच्या आवाजानं दुसऱ्यांना कशी हाका मारू? आन पोरीला तरी नाय कशी म्हणू?" मी तिला चहा दिला. तोही अर्धा टाकून गेली.

शेवटी ती एसटीनं शहापूर, मुरबाड करत टोकावड्याला प्रणितकडे गेली. परत आली ती वेगळ्याच नादात.

"येशू लग्नाला गेलता," उंबऱ्यातूनच तिनं सांगितलं. "पुस्तकात हाये. काना गावाला. बोलवलं म्हणून गेला, आगंतुक नाय. पिनं सरलं तर पान्याचं पिनं केलं त्यानं. आय पन व्हती संगं, मरिया."

"बरं मग?"

"मी प्रणितदादाला इचारलं, धवले कोन गायली. तो म्हनाला, ते लिवलेलं नाय."

गाव सापडलं, आईचं नाव सापडलं. धवलेरीला आणखी काय लागतं? तिच्या डोक्यात काय शिजतंय ते मला कळलं.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला होता. प्रणितही आला होता, अक्षदाला आशीर्वाद द्यायला; कडेच्या खांबापाशी उभा होता. ठकूनं सूर लावला आणि माणसं बोलायची थांबली. एकेक देव आला, यमाजीनं पुंज्या टाकल्या. प्रणितची मान खाली गेली. वाघदेव बसला, आणि ठकूनं पुढची हाक घातली:

"काना गावचा पाव्हना ये गो, काना गावचा पाव्हना."

"कान्हाला बोलवलं," लहानी नावाची म्हातारी खुशीत म्हणाली. "बेस केलं." मांडवभर माना डोलल्या. यमाजीचा चेहरा सैल पडला. त्याला धास्ती होतीच की ही मधेच काहीतरी करणार. कान्हा म्हटल्यावर त्यानं निर्धास्तपणे तांदळात हात घातला.

गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. मी मनात म्हणत होते, बये, आता तरी पुढे जा.

ठकू गाता गाता थांबली. "कान्हा नाय," ती म्हणाली. "काना गाव. मरियाचा लेक, येशू. त्याला बोलवते मी."

यमाजीच्या मुठीत तांदूळ तसेच. त्यानं बहिणीकडे पाहिलं, मग लेकीकडे. अक्षदा रडत होती. "लग्नाच्या घरी आलेल्याला परत धाडत नाय," तो पुटपुटला आणि त्यानं पुंजी टाकली. वाघदेवाच्या शेजारी. ठकूनं पुढचा धवला उचलला. तसं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

लग्न लागल्यावर प्रणित तिच्यापाशी आला. रागावला नव्हता, दुखावला होता. घरच्यांनी हाकलल्यावर त्या पोराकडे येशू तेवढा उरला होता, म्हणून त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. "मावशी," तो म्हणाला, "तो एकटाच देव. त्याला यांच्या रांगेत कसा बसवलास?"

"मंग कुठं बसवू रे?" ठकू म्हणाली. "माज्याकडं दुसरा मांडव नाय."

त्यानं तिच्या पायांना हात लावला आणि न जेवता मोटरसायकल काढली. ठकू पत्रावळीवर भात घेऊन उतारापर्यंत धावली, पण तो वळणाआड गेला होता. मी तिच्यामागे गेले. आतून यमाजी हाका मारत होता, पंगत बसली, ठकू ये म्हणून. तिचं माहेर टिकलं होतं, आणि तिला त्या हाका ऐकूसुद्धा येत नव्हत्या.

"येशूच्या घरी बोलवतील का गो मला, रविवारी?" तिनं विचारलं.

मी बोलवतील म्हणाले. तिनं मान हलवली, आणि भात हातात घेऊन ती पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली.