निंबावरची गुळवेल

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेरीत खुर्च्या कमी आणि साहेब जास्त होते. त्यात दुष्काळ. मी तिथं कारकून होतो.

रोज सकाळी धुवट धोतरातला एक गृहस्थ तांब्या घेऊन यायचा. तांब्यात गुळवेलीचा काढा. दारात चाकूरकडची माणसं टँकर मागायला ताटकळत उभी असायची. हा मात्र "सरका, औषध हाय" म्हणत थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत. शिपाई त्याला अडवत नसे, कारण घोटभर शिपायालाही मिळायचा. नाव कुणी विचारलंच नाही. सगळे वैद्यबुवा म्हणायचे.

कुठलीही गुळवेल त्याला चालत नसे. ती कडुनिंबावर चढलेलीच पाहिजे. "बाभळीवरची काय कामाची? वेल ज्याच्यावर चढती, त्याचा गुण घेती," असं सांगताना त्याची नजर साहेबांच्या दाराकडं असायची.

एकदा रांगेतल्या एका म्हातारीनं त्यालाच गाठलं. "वैद्यबुवा, आमच्या गावाला टँकर कवा येणार?"

"साहेबांचं पोट साफ झालं की," तो गंभीरपणे म्हणाला. मग लोकांसाठी ठेवलेल्या माठातलं उरलंसुरलं पाणी त्यानं तांब्यात ओतून घेतलं. उद्याची वेल भिजवायची होती.

पुढं साहेबांची बदली झाली. मला वाटलं, सुटलो. नवे साहेब रुजू झाले त्या सकाळी तांब्या पायरीवर हजर.

"यांना काय होतंय?" मी विचारलं.

"अजून काय न्हाई," चपला काढत तो म्हणाला. "खुर्चीत बसू तर द्या."