लिंकनची दाढी आणि डोरीन

ऑर्विल हॅगमनची उंची जेमतेम साडेपाच फूट आणि पोट हंड्याएवढं. तरी इलिनॉयमधल्या त्या छोट्या गावात दर फेब्रुवारीत, लिंकनच्या जयंतीला, शाळेत अब्राहम लिंकन व्हायचा मान त्याचाच. उंच काळी टोपी होती, लांब कोट होता आणि दाढी तर अस्सल, स्वतःची. एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला पोरांसमोर उभं राहायला आणखी काय लागतं?

बायकोचं, डोरीनचं मात्र त्या दाढीशी हाडवैर.

"अकरा वर्षांत तुझी हनुवटी पाहिली नाही मी. आहे ना अजून जागेवर?"

"दाढी गेली तर लिंकन गेला, डोरीन."

"जाऊ दे की. नवरा तरी परत येईल."

शाळेत ऑर्विलचा हुकमी किस्सा एकच. अकरा वर्षांच्या एका मुलीने लिंकनला पत्र लिहिलं, तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी वाढवा. आणि त्याने खरंच वाढवली. मग ऑर्विल टोपी काढून, आवाज जड करून म्हणायचा, "बघा मुलांनो, एवढा मोठा माणूस, पण लहानांचं ऐकायचा."

त्या वर्षीही बाईंनी वर्गाकडून आभाराची पत्रं लिहून घेतली. चौथीतल्या टेसाने लिहिलं होतं, 'प्रिय मिस्टर लिंकन, गोष्ट आवडली. पण तुमचा चेहरा बारीक नाही. दाढीने तो अजून मोठा दिसतो. काढून टाका.'

ऑर्विलने पत्र दोनदा वाचलं. "हे तुझंच कारस्थान."

"मी त्या पोरीला ओळखतही नाही," डोरीन म्हणाली. "पण लिंकन कोणाचं ऐकायचा म्हणालास?"

बिचारा स्वतःच्याच तोंडाने अडकला. शनिवारी दाढी गेली. कॉफी घेऊन आलेली डोरीन दारातच थबकली, मग जवळ येऊन तिने त्या गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. त्यानंतर रोज सकाळी फिरवत राहिली. एवढं सुख दाढीत नव्हतं, हे ऑर्विलला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

पुढच्या फेब्रुवारीत तो बिनदाढीचा लिंकन होऊन शाळेत गेला, किश्श्यातल्या त्या मुलीचं पत्र यायच्या आधीचा. आठवडा उलटला तरी मुलांची पत्रं काही आली नाहीत.

"हल्लीची पोरं आळशी," डोरीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पॅनकेकसाठी पीठ काढताना डब्यामागे त्याला गठ्ठा सापडला. बावीस पत्रं, सगळी उघडलेली. बावीसही जणांचं म्हणणं एकच: दाढी वाढवा.

जिन्यावर डोरीनची पावलं वाजली. ऑर्विलने गठ्ठा होता तिथे ठेवला, डबा पुढे सरकवला.

"खरंच आळशी झालीत पोरं," तो म्हणाला आणि हनुवटी पुढे करून उभा राहिला.