उतरेपर्यंत केर नाही

मुलांनो, रविवारी फोनवर माझ्यामागची धूळ बघून तुम्ही विचारलंत, "आजी, तुझं घर असं कसं?" म्हणून लगेच लिहिते.

खालच्या मजल्यावरच्या बाई सायखेड्याच्या. फोन डब्याला टेकवून, मेथी निवडत त्या रॉकेटची उड्डाणं बघतात. रॉकेट वर गेलं की तिथले लोक टाळ्या वाजवतात, या मात्र मान हलवतात. "वर तर दिवाळीतला बाण बी जातो, काकू. परत आलेला पाह्यला का?" मग रॉकेटचा खालचा भाग, म्हणजे बूस्टर, माघारी येतो, इंजिन पुन्हा पेटवून वेग कमी करतो आणि पायांवर उभा राहतो. तोवर त्या घरात झाडू फिरत नाही. माणूस गावाला निघालं की पोहोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा आपला रिवाज त्यांनी बूस्टरलाही लावला आहे.

माझ्या हृदयाचं ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आजोबांनी घर झाडायला सांगितलं, तर बाईंनी कामवालीला आमच्या दारातच अडवलं. "ऑपरेशन झालं म्हंजी निम्मं झालं. काकू घरी टेकू दे."

रविवारी मी घरी आले आणि त्या धुळीवर कुरकुरले. बाईंनी मला भिंतीचा आधार सोडायला लावला, दोन पावलं चालवलं, नीट न्याहाळलं. मग कामवालीला म्हणाल्या, "उभ्या राहिल्या. काढ आता केर."

घर आता लख्ख आहे आणि तुमची आजी हयात आहे.