उंटीण पिकअपमधून आली

मस्कतमध्ये आमच्या घरात उंटांवर जेवढी भांडणं झाली, तेवढी पैशांवरही झाली नसतील. नवरा अल मवालेहच्या भाजीबाजारातून माल घेऊन आठवड्यातून दोनदा इब्रीला जायचा. पहाटे टोमॅटो-बटाट्यांचे क्रेट पिकअपमध्ये चढवायचे, तिथल्या दुकानदारांना पोचवायचे, त्यांच्याबरोबर जेवायचं आणि परत फिरायचं. परतीच्या वाटेवर सूर्य मावळायचा तो नेमका इब्री आणि बाहलाच्या मधल्या माळावर. इकडे मस्कतला, रुवीच्या फ्लॅटमध्ये, त्याच वेळेला मी घड्याळाकडे बघायला लागायचे, कारण तो माळ उंटांचा होता.

तिथले उंट मालकाचे असले तरी मोकळे हिंडतात. अंधार पडला की रस्त्यावर येऊन उभे राहतात, आणि थंडीत तर दिवसभर तापलेलं डांबर उबदार लागतं म्हणून त्यावर ठाण मांडून बसतात. रंग मातीचा, डोळे गाडीच्या उजेडाच्या वर, त्यामुळे चमकतही नाहीत. गाडी त्यांच्या पायांवर आदळते आणि वरचं सगळं धूड काच फोडून आत येतं. आमच्या इमारतीतला, आमच्या वसईकडचाच एक जण तसा गेला होता. त्याच्या बायकोला विमानतळावर सोडायला मी गेले होते. तेव्हापासून नवऱ्याला उशीर झाला की मी बाल्कनीत उभी असायचे, आणि तो सुखरूप आला की त्याच्यावर ओरडायचे. मला भीती वाटली की राग येतो, हे माझं लहानपणापासूनचं आहे.

"उंट दिसतो गं," तो म्हणायचा. "मी काय डोळे मिटून चालवतो?"

"त्यालाही दिसत होता," मी म्हणायचे, आणि त्याच्या ताटात भात वाढायचे.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं मोठी झिंगलेली होती. सरकारकडे तेलाचा पैसा होता आणि कुठल्याही दुखण्यावर यंत्र शोधायची हौस होती. दवाखान्यात संगणक आले, शाळांत आले, ओळखपत्रात चिप आली. आमच्या कामवाल्या बाईंना त्या चिपमध्ये आपला फोटो लपलाय असं वाटायचं आणि त्या कार्ड उन्हात धरून बघायच्या. याच झपाट्यात कुणीतरी मंत्रालयात म्हणालं की रस्त्यावर माणसं मरतात त्याचंही काहीतरी करू. पोस्टर लावून झाली होती, रडार बसवून झाले होते, उंटांच्या मालकांना दंड करून झाला होता. आता उंटालाच यंत्र लावायचं ठरलं.

मी तेव्हा मस्कतच्याच गाला भागातल्या एका छोट्या कंपनीत होते. आम्ही फाटकं, अलार्म, रस्त्यावरचे सिग्नल असलं सगळं विकायचो आणि दुरुस्त करायचो. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता आणि टेबलावर कायम एक तापलेली सोल्डरिंगची कांडी असायची. ते सरकारी काम आमच्याकडे आलं, प्रयोगापुरतं. इब्रीच्या अलीकडचा रस्त्याचा एक तुकडा, काही खांब आणि थोडे उंट. आमचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, कागद हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "तुझा नवरा त्याच रस्त्याने जातो ना? मग तूच कर."

मी त्या दिवशी घरी जाताना टॅक्सीत एकटीच हसत होते. देशाच्या तिजोरीतून पैसा निघाला होता आणि तो फिरत फिरत माझ्या नवऱ्याच्या रस्त्यावर येऊन पडला होता. मला वाटलं, हे सरकार माझ्या बाल्कनीखालून कधीतरी गेलेलं असणार.

कल्पना सोपी होती. उंटाच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात आगपेटीएवढा रेडिओ. रस्त्याकडेला खांब, खांबावर सौर पत्रा आणि उंटाचं चित्र. पट्टा जवळ आला की चित्राभोवतीचे पिवळे दिवे उघडझाप करायचे आणि उंट दूर गेल्यावरही थोडा वेळ चालू राहायचे. ड्रायव्हरने दिवे बघून वेग कमी करायचा. बस, एवढंच.

माझ्या मदतीला आमचे फोरमन होते, रत्नागिरीकडचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. खांब उभे झाले आणि तपासणीची वेळ आली तेव्हा उंट आम्हाला हवे तिथे येईनात. बोलावलं की उलटे जायचे. शेवटी चाचांनी पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि माळावरून चालत निघाले. ते खांबाजवळ आले की दिवे लागायचे, लांब गेले की विझायचे. एक ट्रकवाला दिवे बघून खरंच हळू झाला, त्याने खिडकीतून चाचांकडे नीट पाहिलं आणि मग वेग वाढवून पळाला.

"अगो बाय," चाचा धापा टाकत म्हणाले, "माझ्या बायकोला सांगू नको हां. ती म्हनेल, हितंच बांधून ठेवा."

मी खांबाला धरून हसत होते. इतकं हसले की हातातला मीटर खाली पडला. आम्ही दोघांनी मिळून पंधरवडाभर सगळं तपासलं. ऊन, वाळू, दव, बॅटरी, काही म्हणजे काही सोडलं नाही. चालणारा उंट, उभा उंट, बसलेला उंट आणि चालणारे चाचा, सगळ्यांवर दिवे लागले.

मग उद्घाटन ठरलं. मंत्रालयातून एक बडे अधिकारी येणार, स्वतः बघणार आणि पसंत पडलं तर त्याच संध्याकाळी सांगणार की हे सगळ्या रस्त्यावर लावायचं की नाही. बाहलाच्या बाजूच्या पहिल्या खांबाजवळ पांढरा तंबू लागला, गालिचे आले, खजूर आणि कहवा आला. वाळवंटातल्या एका बदू, म्हणजे भटक्या टोळीतल्या, मालकाची देखणी उंटीण आम्ही निवडली होती. तो माणूस इब्रीच्या आपल्या भारतीय दुकानदारांमध्ये उठबस करून छान हिंदी शिकला होता. त्याने चार वाजता उंटिणीला घेऊन यायचं, ती खांबाजवळून चालत जाणार, दिवे लागणार आणि सगळे टाळ्या वाजवणार.

चार वाजून गेले. साहेबांचा तिसरा कहवा झाला. अर्बाब माझ्याकडे बघेना. इब्रीकडून येणाऱ्या रस्त्यावर एकही गाडी दिसत नव्हती, आणि त्या वेळेला हे कधीच होत नाही. चाचा पुटपुटत होते, "इन्शाल्ला येल, इन्शाल्ला येल." तेवढ्यात लांबवरचा एक खांब लुकलुकला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्याही अलीकडचा. पिवळे दिवे एकामागून एक आमच्याकडे येत होते आणि माळावर उंट म्हणून दिसत नव्हता.

साहेब उठून उभे राहिले. मीही उठले.

मग रस्ता दिसायला लागला. सगळ्यात पुढे एक टोयोटा पिकअप, माणसाच्या चालीने येणारी. तिच्या मागे ट्रक, टँकर, शाळेची बस, आणखी पिकअप, जिथवर नजर जाईल तिथवर. सगळे रांगेत, सगळे हळू, कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. आणि पुढच्या पिकअपच्या हौद्यात, पाय मुडपून, गळ्यात गोंडे आणि आमचा पट्टा घालून, मान उंच करून उंटीण बसली होती.

ओमानमध्ये उंट पिकअपमधून जातात. आम्ही ते रोज बघत होतो. मी मुलांना खिडकीतून दाखवत होते. पण मी वसईची आणि चाचा रत्नागिरीचे, आमच्या डोक्यात जनावर म्हणजे पायांनी चालणारं आणि गाडी म्हणजे मालाची. एवढं सगळं तपासताना गाडीत बसलेला उंट आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. साहेबांसमोर उभी राहायची तर लाडकी उंटीण धुळीतून चालवत कशी आणायची, म्हणून तिच्या मालकाने तिला नटवून गाडीतून आणलं होतं.

तो खाली उतरला तोच रागात.

"तुम्हारा बत्ती झूठ बोलता," तो मला म्हणाला. "हर जगह बत्ती बोलता उंट है, उंट है. मैं डर गया, किसी का उंट मर जाएगा मेरा गाडी से. इतना धीरे आया, सब तरफ देखा. एक भी उंट नहीं."

मी त्याच्या खांद्यावरून उंटिणीकडे पाहिलं. ती रवंथ करत होती. मी तोंडावर ओढणी धरली. चाचा तंबूच्या मागे गेले आणि तिथून त्यांचा खोकल्यासारखा आवाज येत राहिला. साहेबांना हे कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते गालिच्यावर खाली बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले. मग अर्बाब हसला, मग मालक स्वतः मागे वळून आपल्या उंटिणीकडे बघत हसला, आणि मग रांगेतले ड्रायव्हर उतरून काय झालं ते विचारायला आले. त्यांच्यात माझा नवरा होता.

"हे तुझं काम?" तो म्हणाला. "तासभर झाला मी बैलगाडीसारखा चाललोय."

साहेब मात्र खुशीत होते. ते इंग्रजीत म्हणाले की आम्ही पोस्टर लावली, दंड केले, कुणी ऐकलं नाही, आणि आज पहिल्यांदा हा सगळा रस्ता हळू चालला. त्यांच्या मते प्रयोग जिंकला होता. अर्बाबचा चेहरा उजळला. माझ्या मनातसुद्धा फटाके फुटायला लागले होते. मग साहेब मजेने माझ्या नवऱ्याकडे वळले आणि त्यांनी हिंदीत विचारलं, "उद्या दिवा लागला तर पुन्हा असाच हळू होशील ना?"

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. त्याने जरा विचार केला.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आज फसलो. उद्या वाटेल की पिकअपच असणार."

माझं हसू तिथेच थांबलं. त्या माळावर उंट भरलेल्या पिकअप दिवसभर जात-येत असतात. आठवड्याभरात त्या दिव्यांकडे कुणी बघणार नव्हतं, आणि सगळ्यात आधी बघायचा थांबणार होता तो हा, माझा. दिवे नसताना निदान तो डोळे ताणून तरी चालवत होता. मला इतका राग आला की अर्बाब डोळ्यांनी खुणावत असतानाही मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "हे आत्ता लावू नका. हे चुकलंय. मला थोडा वेळ द्या."

अर्बाबने डोळे मिटले. साहेब माझ्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघत राहिले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"नवरा."

"मग ईदनंतर येतो," साहेब म्हणाले आणि खजुराचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

उपाय सापडला तो चाचांशी भांडताना. चाचा म्हणत होते, पट्टा गाडीत चढवण्याआधी काढायला सांगा. मी म्हणत होते, कोण काढणार, आणि उतरल्यावर कोण घालणार. शेवटी ते वैतागून म्हणाले, "अगो, पिकअप फुर्रकन जाते, उंट काय फुर्रकन जातो?" आणि मी कागद-पेन्सिल पुढे ओढली. खांबाला एवढंच शिकवायचं होतं की पट्टा जवळ थोडा वेळ रेंगाळला तरच दिवे लाव. खांबांवरचे सगळे खोके मी गालाला परत आणले, उघडले, त्यांच्यातला प्रोग्राम बदलला. ईदच्या सुट्टीतही कामच केलं. घरी नवऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होते, जेवताना, चर्चला जाताना, तो दाढी करताना. आता पिकअपला दिवा लागत नाही. लागला म्हणजे खरंच उंट आहे.

"कळलं," तो म्हणायचा. "उंटालाही पाठ झालं असेल."

ईदनंतर साहेब आले. पिकअप वेगाने गेली, खांब ढिम्म. उंटीण चालत आली आणि दिवे लागले. त्यांनी तंबूतच होकार दिला आणि चाचांनी मला चक्क सगळ्यांसमोर उचलून गोल फिरवलं.

थंडी पडली. एका संध्याकाळी नवऱ्याने इब्रीहून निघताना फोन केला आणि नेहमीच्या वेळेला आला नाही. मोबाईल लागेना. मी बाल्कनीत गेले, आत आले, पुन्हा गेले. खांबातल्या प्रत्येक तारेचा मला संशय येत होता. मुलांना जेवायला वाढताना मी त्यांच्यावरही ओरडले. मग दारात चावी फिरली.

त्याने चपला काढल्या नाहीत. तो तिथेच उभा राहिला.

"दिवा लागला होता," तो म्हणाला. "समोर काहीच नव्हतं. पहिल्यांदा वाटलं, जाऊ दे. मग म्हटलं, घरी ही बाई डोकं खाईल, म्हणून अगदी हळू केली. उंटीण रस्त्याच्या खाली चरत होती, पट्टा तिच्या गळ्यात. आणि तिचं पिल्लू रस्त्यात. इवलंसं, मातीच्या रंगाचं. मला शेवटपर्यंत दिसलं नाही गं."

पिल्लांना आम्ही पट्टे बांधले नव्हते. तो गाडी आडवी लावून मालक येईपर्यंत तिथे थांबला होता.

"किती जवळ होतं?" मी विचारलं.

त्याने सांगितलं नाही. दारात उभ्या उभ्याच त्याने हात पुढे केला, पूर्ण लांब केला, आणि त्याची बोटं माझ्या खांद्याला टेकली. मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि त्याचा हात दोन्ही हातांनी धरून हसायला लागले. मुलं ताटावरून उठून बघायला आली, आई रडते की हसते ते.